केटल मोरेनचं उठाव-मॉडेल: डंडी ते ग्रीनबुश पट्टा जवळपास पुरा

मंडळी,

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या केटल मोरेनचं, म्हणजे हिमनद्यांच्या काळात घडलेल्या टेकड्या-खळग्यांच्या पट्ट्याचं मॉडेल बरंच पुढे सरकलं आहे. उत्तरेकडच्या राखीव जंगलातला डंडी ते ग्रीनबुश हा पट्टा थर लावून झाला. काठावरची शेतं आणि पार्नेल एस्कर या नागमोडी उंचवट्याचा काही भाग तेवढा राहिला आहे. प्रमाण १:२४,००० ठेवलं, कारण अमेरिकी सर्वेक्षणाचे जुने नकाशे त्याच प्रमाणात मिळतात आणि त्यावरून थेट छाप घेता येतो. दर १० फुटांच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषेला पुठ्ठ्याचा एक थर.

उंची पाचपट वाढवली आहे. त्यावर काहींचा आक्षेप असतो, म्हणून हिशेब सांगते. डंडी माउंटन ही इथली सगळ्यात देखणी टेकडी भोवतालच्या शेतांपासून सुमारे २५० फूट वर उठते. पायथ्याशी उभं राहिलं की मान वर करावी लागते. पण १:२४,००० ला ती जेमतेम ३ मिलिमीटर भरते, बोटाला जाणवणारही नाही. पाचपट केल्यावर ती १६ मिलिमीटर होते आणि डोळ्यांना प्रत्यक्षात जशी दिसते तशी वाटू लागते. पुठ्ठा त्यामुळे ०.६ मिलिमीटरचा लागला. तो साध्या कटरने दोन हातांत निघतो, हा आणखी एक फायदा.

आता मुख्य गोष्ट. हा प्रदेश थराथराने रचताना एक बाब इतकी ठसठशीत समोर आली की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इथे जे उंच आहे ते बर्फाच्या काळात पोकळ होतं, आणि जे खोल आहे तिथे बर्फ होता. गणपतीचा साचा आणि मूर्ती यांचं जे नातं, तेच तेव्हाचा बर्फ आणि आजची जमीन यांचं आहे.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेवरच्या लॉरेंटाइड हिमस्तराच्या दोन प्रचंड जिभा इथे शेजारी शेजारी पसरल्या होत्या: पश्चिमेला ग्रीन बे लोब आणि पूर्वेला लेक मिशिगन लोब. दोन्हींच्या कडा जिथे भिडल्या तिथे बर्फाच्या पृष्ठभागात लांबच लांब घळ तयार झाली. दोन्ही बाजूंचं वितळपाणी तिथेच उतरायचं, सोबत वाळू, गोटे, रेती घेऊन. बर्फ गेला आणि घळीतला हा भरणा तसाच उरला. आज तो १२० मैलांच्या आसपास लांबीचा डोंगराळ पट्टा आहे, म्हणजे एके काळची सखल शीव आता त्या भागातली सगळ्यात उंच जमीन झाली आहे. भूशास्त्रज्ञ टी. सी. चेंबरलिन यांनी १८७०च्या दशकात हा पट्टा चालून, मोजून दोन लोबांच्या मधला हिमोढ (मोरेन, म्हणजे हिमनदीच्या मालाचा ढीग) म्हणून त्याची मांडणी केली. लायडार (विमानातून लेझरने केलेली उंचीची मोजणी) नाही, विमान नाही, आणि तरी दोन जिभांच्या कडा त्यांनी जमिनीवरून जुळवल्या. थर कापताना त्यांचं नाव रोज मनात येतं.

हिमोढ म्हटलं की बर्फाने बुलडोझरसारखा पुढे लोटलेला ढिगारा डोळ्यांपुढे येतो. केटल मोरेनचा बराचसा भाग तसा नाही. तो पाण्याने आणून टाकलेला, चाळलेला आणि थरांत बसलेला माल आहे. माझ्या मते या प्रदेशाचा खरा शिल्पकार वितळपाणी आहे, आणि मॉडेल करणाऱ्याने हे आधी लक्षात घेतलं तर टेकड्यांचे आकार आपोआप बरोबर येतात.

डंडी माउंटनच घ्या. ही केम जातीची टेकडी. बर्फाच्या पृष्ठभागावरचा ओढा उभ्या विहिरीतून खाली कोसळत होता आणि त्याने आणलेली रेती तळाशी शंकूसारखी साठत गेली. विहिरीच्या भिंती वितळल्या, शंकू उभा राहिला. आसपास गॅरिटी हिल, जॉन्सन हिल, कॉनर हिल, मॅकमलन हिल याच घराण्यातल्या. कापताना या टेकड्यांचे थर जवळजवळ गोल निघतात आणि रेषा एकमेकींना चिकटून येतात. इथे घाई नको. वरचा थर बसवण्याआधी खालच्याची कड सॅंडपेपरने मोडू नका. उतार गुळगुळीत केला की केमचा ताठपणा जातो.

सगळ्यात वेळ घेतात ते खळगे, म्हणजे केटल. मागे हटणाऱ्या हिमनदीतून सुटलेले बर्फाचे तुकडे रेतीखाली गाडले गेले. वर रेतीची चादर असल्याने ते शेकडो, कधी हजारो वर्षं टिकले. मग सावकाश वितळले आणि वरची रेती आत बसली. नकाशावर अशा बंद रेषेला आतल्या बाजूने बारीक दातरे काढलेले असतात. दातरे पुसट असतील तर तीच रेषा टेकाड वाटते. म्हणून कापायला घेण्याआधी सगळे खळगे निळ्या पेन्सिलीने रंगवून घ्या. सह्याद्रीचे नकाशे हाताळलेल्यांना सुरुवातीला इथे चुकल्यासारखं होईल. आपल्याकडे प्रत्येक उतार शेवटी कुठल्या तरी ओढ्याला, ओढा नदीला जाऊन मिळतो. इथे पाऊस पडतो आणि कित्येक खळग्यांतून बाहेर जायला वाटच नाही, तो तळातल्या रेतीतून जिरतो. खळगा भूजलाच्या पातळीखाली गेला असेल तर तळं होतं, तळाशी बारीक गाळ बसला असेल तर दलदल. जंगलातला मॉथी लेक हा असाच तलाव, पण त्यातून मिलवॉकी नदीची पूर्व शाखा वाहत जाते. ग्रीनबुश केटल रस्त्यालगतच आहे. कडेला उभं राहून खळग्याची गोलाई एका नजरेत मावते, म्हणून नवीन माणसाला मी आधी तिथे न्यायला सांगते.

एक सावधगिरी. लायडारच्या हिलशेडमध्ये, म्हणजे उंचीवरून काढलेल्या उजेड-सावलीच्या चित्रात, रेतीच्या खाणीही खळग्यांसारख्याच दिसतात, आणि या पट्ट्यात त्या भरपूर आहेत, कारण हिमनदीने चाळून ठेवलेली रेती बांधकामाला उत्तम. ओळखायची खूण सोपी आहे. खाणीचा तळ सपाट, भिंती सरळ, आणि कुठून तरी ट्रकचा उतरता रस्ता आत शिरलेला. खऱ्या केटलचा उतार चहूबाजूंनी तळाकडे मऊ होत जातो. खाणी मी मॉडेलमधून वगळल्या आहेत आणि शेजारच्या उतारांवरून मूळ जमिनीचा अंदाज बांधला आहे.

आता राहिलेल्या कामाकडे येते: पार्नेल एस्कर. बर्फाच्या तळातल्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीचं हे पात्र. बोगदा रेतीने भरला, बर्फ गेला, आणि नदीचा नागमोडी माग जमिनीवर उंचवटा होऊन राहिला. लांबी सुमारे ४ मैल, पण उंची कुठे ५ फूट, कुठे ३५. अडचण इथेच आहे. १० फुटांच्या रेषांमध्ये ५ फुटांचा कणा सापडतच नाही. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर एस्कर तुकड्या-तुकड्यांत तुटलेला दिसतो. त्यातले काही तुकडे खरोखरच तुटलेले आहेत, पण सगळे नाहीत. म्हणून या भागापुरत्या लायडारवरून २ फुटांच्या रेषा काढल्या आणि कणा पातळ कागदाच्या थरांनी वेगळा बांधते आहे. हिलशेड एकाच दिशेच्या उजेडात काढू नका. कणा त्या दिशेला समांतर गेला की गायब होतो, म्हणून तीन-चार दिशांचा उजेड मिसळून घ्या.

जागेवरही जाऊन आले. पायवाट कण्याच्या माथ्यावरूनच जाते, दोन्ही बाजूंना उतार आणि खाली ओलसर दलदलीचे तुकडे. एका ठिकाणी कुठल्या तरी प्राण्याने बीळ उकरून माल बाहेर टाकला होता. त्यातली वाळू हातात घेतली तर भुरभुरीत, चिकणमाती जवळजवळ नाही. गोटे मुठीएवढे आणि सगळे कोपरे झिजलेले. बहुतेक पिवळट-पांढरे, डोलोमाइट या चुनखडकासारख्या खडकाचे, म्हणजे स्थानिक. पण त्यांच्यात एक गुलाबी ग्रॅनाइटचा होता, आणि असा खडक या भागात पृष्ठभागावर कुठेच नाही. तो उत्तरेकडून बर्फावर स्वार होऊन आला, मग बोगद्यातल्या पाण्याने गोल झाला. खुद्द बर्फाने टाकलेल्या मालात कोनेदार दगड, माती, रेती सगळं एकत्र कालवलेलं असतं. पाण्याचं काम आणि बर्फाचं काम ओळखायला एवढी मूठभर रेती पुरते.

महाराष्ट्रातल्या मंडळींना हिमनदीचे ओरखडे पाहायचे असतील तर इतक्या लांब यायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरईजवळ तालचीर काळातल्या, म्हणजे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने घासलेला चुनखडक आहे. तिथे टेकड्या उरलेल्या नाहीत, पण घासल्याच्या रेघा आहेत. त्या परिसराचं कुणी मॉडेल किंवा नकाशा करत असेल तर मला फार आनंद होईल.

खळग्यांचा उतार बरोबर यावा म्हणून जोडीला वाळूच्या ट्रेचा प्रयोगही चालू आहे. ओल्या वाळूत बारीक खडी मिसळायची, बर्फाचे तुकडे वेगवेगळ्या खोलीवर पुरायचे आणि सावलीत ठेवून द्यायचं. बर्फ पृष्ठभागालगत असेल तर खळगा ताठ कडेचा आणि नीट गोल होतो. खोल पुरला तर नुसती उथळ बशी उमटते. दोन तुकडे जवळ असले तर मधला बांध खचून जोडखळगा होतो, आणि असे जोडखळगे नकाशावर कितीतरी आहेत. पूर्वी मी ते दोन स्वतंत्र गोल म्हणून कापत असे, आता मधली खिंड खचलेली ठेवते. वाळू फार कोरडी नको, नाहीतर सगळ्या कडा एकाच कोनात घसरतात आणि फरक कळत नाही.

पुढचा तुकडा पश्चिमेकडचा, कॅम्पबेल्सपोर्टच्या ड्रमलिनांचा. ग्रीन बे लोबने तळाशी घडवलेल्या या लांबट टेकड्या बर्फाच्या प्रवाहाच्या दिशेने पडलेल्या आहेत, साधारण आग्नेयेला, म्हणजे सरळ मोरेनकडे तोंड करून. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की बर्फ कुठून आला आणि कुठे अडला हे न सांगता दिसावं, असा बेत आहे. ड्रमलिनांचे उतार लांब आणि सौम्य असल्याने तिथे पाचपट उंची पुरेल का, याची शंका आहे, पण दोन तुकड्यांना दोन वेगळी प्रमाणं द्यायला मन धजत नाही. कुणी असे जोडतुकडे केले असतील तर तुम्ही काय केलंत ते कळवा. आणि ०.६ मिलिमीटरचा पुठ्ठा दमट हवेत वाकू नये म्हणून कुठला डिंक वापरता, तेही.