अख्ख्या गिरगावाच्या खालच्या मजल्यावर

मावशी फणसवाडीत राहते. आम्ही मरोळला. पूर्वी तिच्याकडे जायचं म्हणजे अंधेरीपर्यंत रिक्षा, मग लोकल, मग चर्नी रोडचा जिना, आणि प्रत्येक टप्प्यावर आईचे गुडघे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि आईनं मावशीला फोन करून टाकला, "येतेय गं, भुयारातून."

मरोळ नाक्याला बसलो ते गिरगावलाच उतरलो. गाडीत आईची एकच कुरकुर, की खिडकी आहे पण बाहेर काही नाही. दादर आलं तेही पाटीवरून कळलं. "वासावरून तरी कळायला हवं होतं," म्हणाली.

गिरगावच्या फलाटावर मात्र ती हलेचना. काचेची दारं मिटली, गाडी गेली, आणि ही छताकडे बघत उभी. "आत्ता आपण नक्की कोणाच्या घराखाली आहोत?"

आता हे मी कसं सांगणार? वर जगन्नाथ शंकरशेट रस्ता, एवढं माहीत. (आगगाडी मुंबईत यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्या नानांच्याच रस्त्याखालून आता गाडी जाते, हे आईला फार आवडलं.) रस्ता अरुंद, दोन्ही अंगांना जुन्या चाळी. अख्खा रस्ता वरून उकरून स्टेशन बांधायला जागाच नव्हती. म्हणून इथं आणि काळबादेवीला खडक आतून थोडा थोडा फोडत गेले. थोडं खणायचं, लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, पुन्हा थोडं पुढे. मधले बोगदे खणायला मात्र मोठी यंत्रं होती, आणि त्यांना नद्यांची नावं दिली होती. गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा...

"वैतरणा, तानसा? म्हणजे आपल्या नळाचं पाणी की!"

पूर्वी गिरगावातल्या चाळीत आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आई खलबत्त्यात दाण्याचं कूट करायला बसली की खालच्या जोशीकाकू केरसुणीचा दांडा छताला ठोकायच्या. आई दोन मिनिटं थांबायची आणि पुन्हा सुरू. पस्तीस वर्षं हे चाललं. आम्ही खोली सोडली तेव्हा त्या काकूच सगळ्यांत जास्त रडल्या.

सरकत्या जिन्यांवरून वर आलो तर आईला दिशाच कळेना. समुद्र कुठल्या बाजूला, ठाकूरद्वार कुठल्या बाजूला? जन्म इथं गेला, पण जमिनीतून वर यायची सवय नाही. शेवटी तिनं एका फुलवाल्याला विचारलं. त्यानं "आजी, पहिल्यांदाच आलात का गिरगावात?" असं म्हटल्यावर तिनं त्याला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

मावशीकडे जेवण झालं, बिरड्याची उसळ झाली, गाऱ्हाणी झाली. मेट्रोचं काम चालू असताना मांडणीवरची भांडी थरथरायची, हे मावशीनं तीनदा सांगितलं.

परतताना अडीच वाजले असतील. फलाटावर तुरळक माणसं. मी फोनवर काहीतरी बघून जोरात हसले, तर आईनं दंडाला चिमटा काढला आणि छताकडे बोट केलं.

"हळू. वर दुपारची निजलीयत माणसं."