मामाच्या रानात मेटल डिटेक्टर, पहिली शिवराई घावेपर्यंतचा माझा अनुभव

मी सोलापुरात राहतो, जुन्या नाण्यांचा नाद शाळेपासनं, पण आजवरची सगळी एकतर विकत घेतलेली नाहीतर आज्जीच्या पेटीतली. मामाचं गाव मंगळवेढा तालुक्यात, माचणूर तिथनं जवळच. औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ तिकडं ब्रह्मपुरीला होती, त्यामुळं ह्या रानांतनं किती माणसं न् बैल गेले असतील हे लहानपणापासनं डोक्यात होतं, शेवटी मागच्या उन्हाळ्यात पैसे साठवून मशीन मागवलं.

पहिली चूक आधी सांगतो कारण ती सगळ्यात महागात पडली असती. मे महिन्यातला रविवार, मामाला सांगितलेलं पण गावात कुणालाच नाही. दुपारपर्यंत बांधावर वीस-पंचवीस माणसं, आणि गावात बातमी काय तर अमक्याच्या रानात गुप्तधन काढायला लागलेत. एक म्हातारी मामीला हळूच विचारून गेली, "बळी-बिळी द्यायचा न्हाई न्हवं?" मामीचा चेहरा उतरला. आपल्याकडं गुप्तधनाच्या नावाखाली काय काय झालंय, २०१३ ला नरबळी-जादूटोणा विरोधी कायदा करावा लागला, त्यामुळं लोकांची भीती खोटी म्हणता येत नाही. संध्याकाळी पोलीस पाटील आले, मी मशीन बंद करून डिक्कीत टाकलं आणि महिनाभर गावाकडं गेलोच नाही.

मग नीट केलं. मामाला घेऊन सरपंच आणि पोलीस पाटलांकडं गेलो, सातबारा दाखवला, मशीन चालू करून दाखवलं, पोरांच्या कानाला हेडफोन लावले. पोरांनी कुणाच्या तरी चपलेतला खिळा शोधला आणि सगळी भीतीच गेली.

त्या महिन्यात कायदा वाचून काढला. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा, अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की काय सापडलं, कुठं, कधी, हे कलेक्टरला लेखी कळवायचं. दडवलं तर शोधणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. त्या मालावर दुसऱ्या कुणाचा हक्क निघाला नाही तर शोधणाऱ्याला पाऊण आणि जमीनमालकाला पाव हिस्सा, पण आपापसात करार केला असेल तर त्याप्रमाणं, म्हणून मी न् मामानं निम्मं-निम्मं लिहून सह्या केल्या. मामा म्हणाला, "आपल्यात कशाला कागद?" मी म्हटलं मामा, आपल्यातच पाहिजे.

गावातल्या जाणत्यांनी सांगितलं की पांढरीत जा, तिथं खापरं पण वर येतात. मी नाही म्हणालो. पांढरी म्हणजे जुनी वस्ती, तिथं मातीचे थर एकावर एक बसलेले असतात आणि कुठलं नाणं कुठल्या थरात होतं ह्यातच सगळी माहिती असते, ते थर खुरप्यानं उकरले की कायमचे गेले. किल्ले, देवळं, संरक्षित स्मारकं ह्यांच्या जवळपास तर मशीन गाडीतनं काढायचंच नाही. नांगरटीचं काळं रान वेगळं, तिथली वीतभर माती शंभरदा उलटीपालटी झालेली असते.

आता काळ्या मातीचं. आपला काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट, त्यामुळं मशीन सारखं किरकिरतं. मला वाटलं मशीनच खराब आलं. तसं नाही, ग्राउंड बॅलन्स करायला लागतो, म्हणजे जिथं लोखंड नाही अशा जागी कॉइल, म्हणजे मशीनच्या खालची चकती, जमिनीजवळनं फूटभर वर-खाली करत राहायचं आणि आवाज एकसारखा होईपर्यंत सेटिंग फिरवायचं. रानाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की परत. सेन्सिटिव्हिटी फुल्ल ठेवायचा मोह आवरा, मी कमी केली तेव्हाच खरे सिग्नल ऐकू यायला लागले.

सराव परसात केला. आधी एक रुपयाचं नाणं पुरलं तर मशीन लोखंड म्हणतंय! आजचा रुपया स्टीलचा आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग आज्जीचा भोकाचा पैसा घेतला, १९४३ ते ४७ मधला, तो चार बोटं, मग सहा बोटं खोल पुरून त्याचा आवाज पाठ केला. मशीनच्या पडद्यावर तांब्याचा आकडा स्थिर राहतो, आडवं फिरवा नाहीतर उभं, लोखंडाचा उड्या मारतो.

जूनमधला पहिला पाऊस झाल्यावर, कुळवणी झालेल्या रानात गेलो, ओल असली की सिग्नल चांगला येतो. पहिले तीन दिवस बैलाच्या पत्र्या, तारांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या न् बाटलीची बुचं. सगळा कचरा पिशवीत भरून आणला, कारण परत त्याच जागी तोच आवाज नको. चौथ्या दिवशी बांधाच्या कडेला स्थिर आवाज. खुरप्यानं तीन बाजूंनी माती कापून ढेकूळ उलटं केलं, ढेकळाच्याच पोटात हिरवट गोल कड दिसली. बोटानं फक्त वरची माती सारली तर मधे दोन आडव्या रेघा आणि त्यांच्या वर अर्धवट कापलेलं 'छत्र'. दुदांडी शिवराई, म्हणजे दोन रेघांचं, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. तिथंच मटकन खाली बसलो. मामानं ती कपाळाला लावली.

मामी चिंच घेऊन आली घासायला, तिला हात जोडून थांबवलं. चिंच, लिंबू, पितांबरी काही लावायचं नाही, ती हिरवट साय गेली की अक्षरं पण जातात. डिस्टिल्ड वॉटरमधे भिजवून मऊ ब्रशनं माती काढली, एवढंच.

खड्डा बुजवला, गट नंबर, बांधापासनं किती पावलं, किती खोल, सगळं वहीत लिहिलं, फोटो काढले. सोमवारी सोलापूरला कलेक्टर ऑफिसात अर्ज दिला, सोबत फोटो न् मामाचं संमतीपत्र, आणि पोच घेतली. शिक्क्याची ती पोच आणि शिवराई आता एकाच पाकिटात ठेवलेत. ज्वारी पेरायच्या आधी वरचं रान राहिलंय, मामाचा काल फोन आला होता, कुळव मारून ठेवलाय म्हणे.