ओट्याखालचा ढाळ

घरात पाणी आणणं सोपं असतं, हे मी आता ठामपणे सांगू शकते. गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्याला दाब असतो. त्याला अर्ध्या इंचाचा पाईप द्या, ते भिंतीतून वर चढेल, दाराच्या चौकटीवरून जाईल, हवे तितके कोपरे वळेल आणि अडचणीतल्या अडचणीच्या जागी जाऊन नळातून बदाबदा पडेल. खरी परीक्षा असते ती ते वापरून झाल्यावर. सांडपाण्याला स्वतःचा जोर नसतो. त्याला फक्त खाली जाणं कळतं, आणि घरातली खालची बाजू हटकून आपल्याला नको तिथेच असते.

आमचा फ्लॅट पुण्यात, सहकारनगरमधल्या सत्तरच्या दशकातल्या इमारतीत आहे. स्वयंपाकघरात एल आकाराचा ओटा. सिंक एका टोकाला, खिडकीखाली. वॉशिंग मशीन मावेल अशी घरातली एकुलती एक जागा दुसऱ्या टोकाला, पूर्वी फ्रीज होता तिथे. बाथरूममध्ये मशीन ठेवायचं तर अंघोळ करणाऱ्याने पॅसेजमध्ये उभं राहायला हवं. गॅलरीत सासूबाईंची तुळस, कोरफड आणि झोपाळा. हल्लीचे बिल्डर देतात ती ड्राय बाल्कनी त्या काळी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. तर या दोन टोकांमध्ये अकरा फुटांचं अंतर, मध्ये एक काटकोन, सिलिंडरचं कपाट आणि ट्रॉल्यांची रांग.

मूळ नकाशात मात्र स्वयंपाकघराला मोरी होती. आज जिथे मशीन आहे, बरोबर त्याच कोपऱ्यात. वीतभर उंचीचा कठडा, आत शहाबादी फरशी, कोपऱ्यात जाळी. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा भांडी तिथे, धुणं तिथे, आणि पाहुणे जास्त झाले की पोरांच्या अंघोळीही तिथेच. नव्वदच्या दशकात ओट्याखाली ट्रॉल्या आल्या आणि मोरी गेली. मोरी जुनाट दिसायची आणि ट्रॉल्या दिसायच्या नव्या. एवढं कारण त्या वेळी पुण्यातल्या कितीतरी घरांना पुरलं. ट्रॉल्या करणारा माणूस सनमायकाच्या रंगांचे तुकडे पंख्यासारखे उलगडून दाखवतो. पाणी कुठून जाणार, हा प्रश्न त्या पंख्यात नसतो.

मशीनबरोबर कंपनीचा मुलगा आला डेमो द्यायला. चुणचुणीत होता. पाण्याचा नळ बघितला, सोळा अँपिअरचा प्लग बघितला, मशीनचे पाय फिरवून ते डुगडुगत नाही याची खात्री केली. ड्रेनची नळी त्याने जमिनीवरून सरळ गॅलरीच्या जाळीकडे सोडून दिली आणि मशीन सुरू केलं. मशीन पाणी घेऊ लागलं. घेतच राहिलं. काचेतून बघावं तर कपडे नुसते ओलसर, तळाशी पाण्याचा मागमूस नाही, आणि तिकडे गॅलरीत स्वच्छ, साबणाचा थेंबही न लागलेलं पाणी संथपणे वाहतंय. मुलगा म्हणाला, "प्रेशर कमी आहे, मॅडम."

प्रेशरचा काही संबंध नव्हता. रेशनचं रॉकेल मिळायचं त्या दिवसांत डब्यातलं रॉकेल बाटलीत काढायला नळी तोंडाने ओढायची आणि बाटली खाली धरायची. एकदा धार लागली की डबा आपोआप रिकामा होत जायचा. इथे तेच चाललं होतं. नळीचं तोंड ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं की पंप बंद असतानाही पाणी निघून जातं. म्हणून तर बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत ड्रेनच्या नळीचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर ठेवा असं लिहिलेलं असतं. पाणी आधी वर चढवायचं, मगच खाली सोडायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण पंप त्याचसाठी असतो. आणि नळीला दुसरी नळी जोडून ती हवी तेवढी लांब न्यावी म्हटलं, तर तेही कंपन्यांना मान्य नसतं. जास्त लांबी झाली की पंपावर ताण येतो.

सोसायटीत बातमी पसरायला फार वेळ लागत नाही. समोरच्या काकांनी नळी सिंकमध्ये टाकायला सांगितली. पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी फेकतो आणि सुरू होताना नळी झटका घेते, हे त्यांच्या घरी कपडे धुणाऱ्या मावशींना माहीत आहे, काकांना नाही. शिवाय आमच्या सिंकमध्ये कायम कुकर नाहीतर कढई असते. त्यात मोज्यांचं पाणी ही कल्पना सासूबाईंसमोर मांडायची हिंमत घरात कुणाचीच नव्हती. वरच्या मजल्यावरून सुचवलं गेलं की गॅलरीतल्या पाईपला जोडून टाका, सगळ्यांनी तेच केलंय.

सगळ्यांनी केलंय हे खरं आहे. पुण्यात गॅलऱ्या बंद करून त्यात मशीन बसवलेली घरं मोजायला बसलो तर दिवस जाईल. पण गॅलरीतला तो पाईप पावसाच्या पाण्याचा. तो ड्रेनेजच्या चेंबरला जात नाही. ते पाणी गटारातून ओढ्याला मिळतं. आमच्याकडे ओढा म्हणजे आंबील ओढा. कात्रजहून येतो आणि पुढे मुठेला मिळतो. सप्टेंबर २०१९मधल्या पुराच्या रात्री याच ओढ्याने आमच्या आसपासच्या वस्त्यांची काय दशा केली ते इथे कुणाला सांगायला नको. नदीसुधारणेवर तावातावाने बोलायचं आणि आपला साबण सकाळी आठ वाजता ओढ्यात सोडायचा, हे एकाच माणसाला जमतं. आमच्या मजल्यावर तरी जमतं.

शेवटी प्लंबरकाकांना बोलावलं. वय साठीच्या पुढे, पिशवीत एक पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरून एक टोक त्यांनी सिंकखाली धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि मला मशीनच्या जागी बसवलं. नळीतलं पाणी थोडं हेलकावलं, मग थांबलं. दोन्हीकडे पेन्सिलची खूण. लेझरच्या जमान्यातही ही नळी चुकत नाही, कारण तिला चुकण्यासारखं काही नसतंच. हातोडीच्या दांड्याने फरशीवर टकटक करत ते मशीनच्या कोपऱ्यात आले, एका जागी आवाज बदलला आणि ते म्हणाले, "ताई, इथं मोरी होती ना?"

मला वाटलं, सुटलो. पण जाळीच्या जागी सिमेंट भरलेलं, खाली बिडाचा जुना पाईप, आणि त्याचा सांधा खालच्या काकूंच्या देवघरावर. "उघडला तर काकूंचे देव भिजतील," काका म्हणाले. विषय संपला.

मग मशीनपासून सिंकच्या ड्रेनपर्यंत पाईप न्यायचा हिशेब सुरू झाला. प्लंबरांचं जुनं गणित, फुटाला पाव इंच ढाळ. अकरा फुटांना पावणेतीन इंच. पाईप ४० मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंचाहून थोडा जास्तच. बेरीज सव्वाचारच्या वर. ट्रॉल्यांच्या पायांनी जमिनीपासून सोडलेली जागा चार इंच. पाव-अर्धा इंच कमी पडत होता आणि त्यासाठी सगळ्या ट्रॉल्या उचलायच्या की काय अशी पाळी आली होती. काका बराच वेळ जमिनीवर मांडी घालून बसले. चहा गार झाला. मग म्हणाले, "साठाला एक धरू. सव्वादोनात बसतंय. पण पाईप वाकडा झाला तर मला बोलायचं नाही, दर दोन फुटांवर क्लॅम्प मारणार." अकरा फूट म्हणजे एकशे बत्तीस इंच, भागिले साठ. मी मोबाईलवर ताडून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाईल ठेवून दिला.

सामान आणायला रविवार पेठेत, बोहरी आळीत गेलो. घराजवळच्या दुकानातही मिळालं असतं, पण काकांचा तिथला दुकानदार ठरलेला. काटकोनासाठी त्यांनी नव्वदचा एल्बो घेतला नाही, पंचेचाळीसचे दोन घेतले. "पाण्याला वळायला वेळ द्यावा लागतो. एकदम वळवलं की कचरा तिथंच बसतो." कपड्यांची लव आणि सिंकमधून येणारं तूप एकत्र आलं की पाईपमध्ये घट्ट बोळा तयार होतो, म्हणून वळणाजवळ एक टी आणि त्याला उघडता येईल अशी टोपी. मशीनमागे पाईप अडीच फूट उभा नेला, त्याचं तोंड वर उघडं, आणि ड्रेनची नळी त्यात नुसती अडकवलेली. सैल.

ते सैल आमच्या मुलाला खटकलं. तो एम-सील घेऊन आला, वास येऊ नये म्हणून. काकांनी त्याचा हात धरला. वास अडवायचं काम खालच्या नहाणी ट्रॅपचं. त्यात कायम दोनेक इंच पाणी उभं असतं आणि तेच झाकण होतं. गटारातली हवा आणि झुरळं, दोन्ही पलीकडे राहतात. (मे महिन्यात महिनाभर गावाला जाऊन आलं की घराला वास येतो तो हे पाणी आटल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की थांबतो.) वाकवलेल्या पाईपात पाणी अडवून ठेवायच्या या युक्तीचं पेटंट लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली घेतलं. तेव्हा पुण्याचे पेशवे सवाई माधवराव वर्षाचे होते आणि कारभार बारभाई बघत होते. उभ्या पाईपचं तोंड उघडं हवं ते हवेसाठी. बंद केलं की पुन्हा रॉकेलची नळी तयार, आणि वरून जोराने येणारं पाणी ट्रॅपमधलं झाकणही ओढून नेणार.

हे ऐकताना मला कात्रजचा नळ आठवला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं गेलं, ते पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या हिशेबावर. त्या भुयारी नळावर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते, आतल्या हवेला वाट मिळावी म्हणून. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "असणारच. त्याशिवाय चालेल कसं?" आणि सोल्यूशनचा डबा बंद करू लागले. मला पेशवाईतला कारागीर सापडल्याचा आनंद झाला होता, त्यांना पुढच्या कामाची घाई होती.

मशीन आता ठणठणीत चाललंय. पंप सुरू झाला की सिंकच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते, खालच्या काकूंचे देव कोरडे आहेत आणि ट्रॉल्यांखालची पट्टी लावली की पाईप दिसतही नाही. फक्त एक अडचण उरली आहे. शेवटच्या खळबळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, हे सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हेरलं. खडकवासल्यात पाणी कमी आणि आपण हे असं सोडून देतो, हे त्यांना बघवेना. आता पॅनेलवर शेवटची दहा मिनिटं दिसू लागली की त्या उठतात, नळी पाईपमधून काढतात आणि बादलीत धरून उभ्या राहतात. एक बादली भरली की दुसरी सरकवायला मला हाक मारतात. त्या पाण्याने संडास, गॅलरी आणि जिना धुतला जातो.

परवा प्लंबरकाका शेजारी कामाला आले होते, जाता जाता डोकावले. आमच्या दोघींच्या मध्ये बादली बघून म्हणाले, "आजी, मग मी पाईप टाकला कशाला?"

"साबणाचं पाणी त्यातूनच जातं हो," सासूबाई म्हणाल्या. "जरा ती रिकामी बादली इकडे सरकवा."