व्हँकूव्हर बेटाखालची गुरगुर : नोंद चौथी

मंडळी, मागच्या नोंदीत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकूव्हर बेटाखाली ‘ट्रेमर (जमिनीची खोलवरची, बराच वेळ चालणारी मंद थरथर) सापडला’ म्हणून जो आलेख मिरवला होता, तो ट्रेमर नव्हता. तिथली वाहतूक होती. रोज ठरावीक तास खडखड आणि मग सामसूम, हे बघूनच शंका यायला हवी होती. पण वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) होत्या आणि तिथे रात्र कधी होते याचा हिशोब मी केलाच नव्हता.

म्हणून सगळं पुन्हा सुरू केलं. डेटा तोच, जुलै 2004 चा. मुख्य भूकंपमापन स्टेशन पीजीसी, म्हणजे बेटावरचं सिडनी (ऑस्ट्रेलियातलं नव्हे). जमिनीच्या हालचालीचा उभा घटक सोडला आणि दोन आडवे घेतले, कारण ट्रेमरची ऊर्जा मुख्यतः एस-लहरींतून (आडव्या हेलकाव्यांच्या भूकंपलहरींतून) येते. 2 ते 8 हर्ट्झचा फिल्टर लावला, एन्व्हलप (थरथरीच्या चढउताराची बाह्यरेषा) काढला आणि आणखी दोन स्टेशनांशी ताडून पाहिला. एखादा ट्रक तिन्हीकडे एकाच वेळी जाणार नाही, एवढाच तर्क. आता ऐन मध्यरात्री तिन्ही रेषा मिनिटांमागून मिनिटं एकत्र चढतात, एकत्र उतरतात. घरच्या जिओफोनवर (जमिनीची कंपनं टिपणाऱ्या सेन्सरवर) कोयनेकडचा धक्का येतो तेव्हा आधी पोचणारी पी-लहर कुठे, मागून येणारी एस कुठे, बोट ठेवून दाखवता येतं. इथे बोट ठेवायला जागाच नाही.

हे होतं कशामुळे? जपानी भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारांनी 2002 मध्ये जपानच्या नैऋत्य भागातला असा खोल ट्रेमर जगापुढे मांडला. 1995 च्या कोबे भूकंपानंतर उभारलेल्या हाय-नेट या भूकंपमापकांच्या जाळ्याचे सेन्सर शंभर मीटर आणि त्याहून खोल बोअरमध्ये असल्यामुळेच हे जमलं. त्यांचा रोख पाण्यावर होता : खाली जाणाऱ्या प्लेटमधली खनिजं तापून, दाबली जाऊन पाणी सोडतात. मीही बरेच दिवस याच पक्षात होतो. पण 2003 मध्ये रॉजर्स आणि ड्रॅगर्ट या संशोधकांनी दाखवलं, की व्हँकूव्हर बेटावर साधारण 14 महिन्यांनी जीपीएस स्टेशनं काही मिलिमीटर नेहमीच्या उलट दिशेने सरकतात आणि ट्रेमर नेमका त्याच दिवसांत येतो. बेटाखाली शिरणाऱ्या ह्वान दे फूका प्लेटचा वरच्या प्लेटशी असलेला सांधा काही सेंटिमीटर घसरतो, तेही सावकाश, दोन-तीन आठवडे घेऊन. पुढे 2007 मध्ये शेली, बेरोझा आणि इदे यांनी जपानच्या शिकोकू बेटाखालच्या ट्रेमरमध्ये कमी वारंवारतेच्या बारक्या भूकंपांची नुसती गर्दी ओळखली. थोडक्यात, गुरगुरतं ते पाणी नाही, घासणारा सांधा.

मग पाण्याचं काय? मला इथेच खरी मजा वाटते. 35 किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा दाब सुमारे दहा हजार बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). भरती-ओहोटीने त्यात पडणारा फरक बारच्या काही शतांश भागांएवढा. हत्तीच्या पाठीवर माशी बसावी तसा. तरीही ट्रेमर भरतीच्या 12.4 तासांच्या तालावर कमी-जास्त होतो, हे 2008 मध्ये कॅस्केडियात (व्हँकूव्हर बेट ज्यात येतं त्या किनारपट्टीत) दाखवलं गेलं. याचा सरळ अर्थ मला एकच दिसतो : सांध्यात अडकलेलं पाणी जवळजवळ पूर्ण भार उचलून धरतंय, दोन्ही बाजू एकमेकींवर जेमतेम टेकल्या आहेत, म्हणून माशीचंही वजन लागतं.

तो ताल स्वतः काढायचा प्रयत्न केला. दहा दिवसांच्या डेटाचा स्पेक्ट्रम (कोणत्या कालावधीचा ताल किती जोरात आहे, याचा आलेख) घेतला : 24 तासांवर भलामोठा सुळका (परत ट्रक!) आणि बाराच्या आसपास एक टेंगूळ. क्षणभर उडालोच. मग लक्षात आलं, की 24 तासांच्या गोंगाटाची निम्म्या काळाची छाया बरोबर 12 तासांवर पडते आणि 12 व 12.4 वेगळे दिसायला किमान पंधरा दिवस सलग डेटा लागतो. म्हणजे माझं टेंगूळ भरतीचं की ट्रकांचं, कोण सांगणार?

सध्या अख्खा जुलै डाउनलोड होतोय. तोवर फक्त तिथल्या रात्रीच्या तासांवर काम करून बघतो. पण अशा तुकड्यांवर साधा एफएफटी (स्पेक्ट्रम काढायची नेहमीची पद्धत) चालत नाही. अनियमित नमुन्यांसाठी असलेली लोम्ब-स्कार्गल पद्धत कुणी वापरलीय का?