खाडीकोश अपडेट: ‘पाहा’पुढची प्रश्नचिन्हं गेली एकदाची

मंडळी, खाडीकोश हा आमचा खाडी-समुद्राच्या शब्दांचा कोश, आणि आज त्याची पीडीएफ बनवणाऱ्या झीलेटेकच्या लॉगमध्ये ‘अनडिफाइन्ड रेफरन्सेस’ची, म्हणजे न सापडलेल्या संदर्भांची, ओळ आलीच नाही. संदर्भ सापडला नाही की पान क्रमांकाच्या जागी ‘??’ छापलं जातं. खात्री करायला ऑक्झ फाइल्स (आधीच्या फेरीतले पान क्रमांक ज्यांत राहतात त्या) उडवून परत पहिल्यापासून बिल्ड मारला, तरी लॉग स्वच्छ. पीडीएफ उघडून पहिल्यांदा ‘शिंपल्या’ची नोंद काढली आणि तिथे ‘पाहा तिसऱ्या, पृ. ८३’ असं नीट छापलेलं बघून जो आनंद झाला तो इथे सांगितल्याशिवाय राहवेना. मागच्या खेपेला आत्याला प्रूफ दिलं होतं तेव्हा तिने पेन्सिलने समासात लिहून पाठवलं होतं, “आरे, पान खयचा ता लिव, ही प्रश्नचिन्हा कित्याक?” तिला आता उत्तर देता येईल.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात, देवगड-मालवण पट्ट्यातले मासे, होड्या, जाळी, वारे, भरती-ओहोटी यांचे शब्द आत्याच्या वह्यांमधून एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाला टॅग लावलेल्या फाइल्समध्ये, आणतोय, अक्षरवार वेगळी फाइल, मग एक्सइनक्लूडने सगळं एकत्र, एक्सएसएलटी या एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेतून टेक फाइल आणि झीलेटेकने पीडीएफ. प्रत्येक नोंदीचा एक्सएमएल-आयडी, म्हणजे तिची ओळख, तो शब्दच, आणि ‘पाहा’ टॅगमध्ये ज्या शब्दाकडे पाठवायचं तो शब्द. मुशी पाहा मोरी, पेडवे पाहा तारली, असं.

अडचण कुठे होती बघा. ‘मोरी’, ‘तारली’, ‘रापण’, ‘मतलई’ हे सगळे संदर्भ पहिल्यापासून व्यवस्थित लागत होते, पण ‘तिसऱ्या’, ‘पऱ्या’, ‘दोऱ्या’ यांच्याकडे जाणारे काही लागायचे आणि काही नाही. एकाच नोंदीकडे दोन ठिकाणांहून संदर्भ, एका ठिकाणी पान क्रमांक येतोय आणि दुसऱ्या ठिकाणी दोन प्रश्नचिन्हं, आणि एडिटरमध्ये दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले तरी केसाचा फरक दिसत नाही. ग्रेपने शोध मारला की एक सापडतो, दुसरा नाही. एक्सएसएलटी तर याबाबतीत फार घातक आहे, आयडीवरून नोंद शोधणाऱ्या की() फंक्शनला काही सापडलं नाही तर ते गपचूप रिकामा संच देतं, ना एरर ना वॉर्निंग.

डीटीडीने, म्हणजे फाइलची रचना कशी असावी त्या नियमावलीने, हे पकडायला हवं होतं असं काही जण म्हणतील, पण आयडीरेफचा, म्हणजे संदर्भातला आयडी खरंच असायला हवा हा, नियम एकाच डॉक्युमेंटपुरता असतो. ‘त’ची फाइल एकटी व्हॅलिडेट करायला घेतली की ‘श’मधल्या नोंदीकडे जाणारा प्रत्येक संदर्भ चूक ठरतो, म्हणून माझ्या डीटीडीत ‘पाहा’चा तो अ‍ॅट्रिब्यूट साधा सीडेटा, म्हणजे कुठलाही मजकूर चालेल असा, ठेवलेला आहे, म्हणजे तपासणी शून्य.

वाट सापडली ती भलत्याच कामातून. एक्सएसएलटी २.० मधलं रिप्लेस() मला दुसऱ्याच गोष्टीसाठी हवं होतं, माझा एक्सएसएलटीप्रॉक १.० च्या पुढे जात नाही, म्हणून जावात चालणारा सॅक्सन लावून बघितला, डीटीडी व्हॅलिडेशन चालू ठेवून. तर जावाच्या पार्सरने (एक्सएमएल वाचणाऱ्या भागाने) तक्रार केली की आयडी प्रकारच्या अ‍ॅट्रिब्यूटची किंमत ‘नेम’, म्हणजे नियमात बसणारं नाव, असायला हवी, आणि बोट ठेवलं नेमकं ‘तिसऱ्या’वर! त्याच फाइल्स एक्सएमएललिंट या तपासणीच्या साधनाच्या व्हॅलिडेशनमधून बिनबोभाट जात होत्या. एकच फाइल, दोन पार्सर, दोन निकाल. आणि तक्रार काय तर सगळ्या ‘ऱ्य’वाल्या शब्दांबद्दल नाही, त्यातल्या काहींबद्दलच.

मग पायथनमध्ये दोन्ही ‘तिसऱ्या’ एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) करून छापले. एकात सात निघाले: त, वेलांटी, स, ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्यात आठ: त, वेलांटी, स, साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारा जोडक), य, काना. झालं, चोर सापडला. आपला जो आडवा अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी लिहिता येतो, एक यू+०९३१ म्हणजे ऱ घेऊन त्याला हलन्त, आणि दुसरा साधा यू+०९३० घेऊन हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक यू+२००डी. फॉन्ट दोन्हीला हुबेहूब तोच आकार देतो, आणि चांगल्या फॉन्टने तसंच द्यायला हवं. पण एक्सएमएल आकार बघत नाही, आयडीची तुलना कोडपॉइंटला कोडपॉइंट लावून होते.

पार्सरमधला फरकही त्यातूनच उलगडला. एक्सएमएल १.० ची पाचवी आवृत्ती २००८ ची, तिच्यात नावात कुठली अक्षरं चालतात त्याची यादी मोठी केली आणि झेडडब्ल्यूजेला आत घेतलं. लिबएक्सएमएल२, म्हणजे एक्सएमएललिंटमागची लायब्ररी, पाचवीचे नियम पाळतं, तर झर्सिस हा पार्सर आणि त्यावर बेतलेला म्हणून जावाचा नेहमीचा पार्सर अजून चौथीवर आहे, तिथे ऱ चालतो पण झेडडब्ल्यूजे चालत नाही. एक्सएमएललिंटला जुन्या नियमांचा ओल्डएक्सएमएल१० नावाचा पर्याय आहे, तो लावला तर तोही तेच शब्द पकडतो. आता तो पर्याय माझ्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये) कायमचा.

हे दोन प्रकार आले कुठून तेही शोधलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की थेट ऱ येतो, मी तसंच टाइप करतो. वह्यांचा जो भाग आधी एका डीटीपीवाल्याकडे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये बसवला होता तो कन्व्हर्टरमधून आलाय, आणि कन्व्हर्टर सगळीकडे झेडडब्ल्यूजे घालतो. म्हणजे जिथे नोंद माझी आणि संदर्भ जुन्या मजकुरातला, तिथे तुटलं, जिथे दोन्ही एकाच बाजूचे तिथे लागलं.

आता उपाय. पहिली सूचना नेहमी एनएफसी नॉर्मलायझेशनची, म्हणजे युनिकोडच्या नियमाने समतुल्य रूपं एक करण्याची, येते, तर ते इथे उपयोगाचं नाही. एनएफसी फार तर र आणि नुक्ता (खालचं टिंब) अशी जोडी सापडली तर तिचा ऱ करेल, पण र-हलन्त-झेडडब्ल्यूजे तसंच ठेवतं, कारण युनिकोडच्या लेखी हे दोन समतुल्य नाहीतच. दुसरी सूचना, झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाका. हे मात्र कृपा करून कोणी करू नका! जोडक गेला की आडवा र जाऊन डोक्यावर रफार येतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. माझ्या कोशात दर्या आहे आणि दऱ्याही आहेत, दोघांचा आयडी एक होऊन बसला असता आणि डोंगरातला संदर्भ समुद्रात गेला असता. बरोबर उपाय म्हणजे फक्त र-हलन्त-झेडडब्ल्यूजे ही तिघांची साखळी सापडली की तिच्या जागी ऱ-हलन्त घालायचं, आयडीतही आणि संदर्भातही. एक्सएसएलटी १.० च्या ट्रान्सलेट()ने हे होत नाही कारण ते एका अक्षराला एक अक्षर असंच बदलतं, म्हणून एक्सएसएलटीच्या आधी छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवली.

त्याबरोबर कोशाची तपासणीही कडक केलीय. एक्सएसएलटीत आता प्रत्येक संदर्भ आधी की()ने शोधला जातो आणि सापडला नाही तर एक्सएसएल-मेसेज टर्मिनेट करून बिल्ड तिथेच थांबतो, कुठल्या नोंदीतला कुठला शब्द ते सांगून. शिवाय एकत्र झालेल्या फाइलवर एक्सएमएललिंटचं पोस्टव्हॅलिड, म्हणजे एकत्र केल्यानंतरची तपासणी, लावलंय, या एकत्र फाइलसाठी डीटीडीची वेगळी प्रत केली आणि तिच्यात तो अ‍ॅट्रिब्यूट आयडीरेफ. यात एक छोटी मेख आहे, एक्सइनक्लूड प्रत्येक तुकड्याला स्वतःहून एक्सएमएल-बेस, म्हणजे तो कुठल्या फाइलमधून आला त्याची खूण, चिकटवतं आणि डीटीडीत तो नसला की शेकड्याने खोट्या तक्रारी येतात. नोफिक्सअप-बेस-यूआरआयज हा पर्याय दिला की बंद. मॅन पेजच्या (मदतपानाच्या) कोपऱ्यात लपलेलं हे रत्न आहे, कोणाला तरी उपयोगी पडेल.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनात घोळायला लागली, की मुळात शब्दालाच आयडी का करायचं? शुद्धलेखन बदललं की आयडी बदलतो. आणि ‘भांग’ दोन आहेत, एक केसातला आणि एक उधाणाच्या उलटा, भांगाच्या भरतीचा, त्यांना मी आत्ता भांग-१, भांग-२ करून भागवतोय. त्यापेक्षा नोंदीला साधा न बदलणारा क्रमांक, पुढे एक रोमन अक्षर, कारण आयडी आकड्याने सुरू झालेला चालत नाही, आणि आत्या लिहिते तसं ‘पाहा’मध्ये शब्दच राहू दे. स्क्रिप्ट त्या शब्दाचं वर सांगितलेलं शुद्धीकरण करून तक्त्यात शोधेल, एक सापडला तर क्रमांक लावेल, दोन सापडले तर थांबून विचारेल. माणसाने शब्द लिहावा, मशीनने आयडी सांभाळावा, हेच योग्य वाटतंय. म्हणजे आज ज्या पायथन स्क्रिप्टला तात्पुरती म्हणत होतो तीच आता मुख्य होणार. पुढचा आठवडाभर हेच काम.

दुसरी एक कटकट मात्र वेगळी आहे आणि ती एक्सएमएलची नाही. संदर्भ त्याच पानावर असेल तर पान क्रमांकाऐवजी ‘याच पानावर खाली’ छापायचं मी ठरवलं होतं. ‘खाजण’च्या नोंदीत ते फिरत राहतं. लांब मजकूर बसला की ओळ वाढते, ज्या नोंदीकडे पाठवलंय ती पुढच्या पानावर ढकलली जाते, मग पुढच्या फेरीत ‘पृ. ४७’ एवढंच छापलं जातं, ओळ वाचते, नोंद परत मागे येते, आणि परत पहिल्यापासून. ‘लेबल्स मे हॅव चेंज्ड’ ही लॉगमधली ओळ काही संपत नाही, झीलेटेक परत परत चालवणारा लेटेकएमके पाच फेऱ्यांनंतर हात टेकतो. असे संदर्भ छापणाऱ्या व्हॅरिओरेफ पॅकेजच्या माहितीपुस्तिकेत या चक्राचा इशारा दिलेलाच आहे. मी ‘याच पानावर’ काढून टाकणार आहे, सगळीकडे पान क्रमांक. वाचणाऱ्याचं काही अडत नाही आणि पीडीएफ दर वेळी तीच येते.

फॉन्टचं विचारत होते त्यांना, मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठीवर आलोय. ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात, लोकल फॉर्म्ससाठी, म्हणजे भाषेनुसारच्या अक्षररूपांसाठी, खटपट करावी लागत नाही, आणि उदाहरणवाक्यांना इटॅलिक पण आहे. मथळ्यांना आयआयटी मुंबईच्या शोभिकाचा ठळक, जोडाक्षरं त्यात सुरेख उभी राहतात.

अजून एक सुचलंय. की() उलटी केली, म्हणजे संदर्भावरून नोंद शोधायच्या ऐवजी नोंदीवरून तिच्याकडे येणारे सगळे संदर्भ, तर ‘रापण’च्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, नोंदीखाली ‘इथे पाठवणारे शब्द’ अशी यादी आपोआप तयार होईल. आज नुसती चाचणी म्हणून काढली तर रापणीखाली दोऱ्या, पुळण, रापणकार असे शब्द एकत्र आले आणि रापण ओढण्याचं सगळं काम एका जागी दिसायला लागलं. कोशात हे छापायचंच. फक्त त्या यादीतही पान क्रमांक द्यायचे की नुसते शब्द, ते ठरत नाहीये, कारण पान क्रमांक दिले तर प्रत्येक नोंद आणखी एक-दोन ओळी खाईल. कोणी शब्दकोशाच्या मापाचं काही बसवलं असेल तर तुम्ही काय केलंत ते सांगा. झेडडब्ल्यूजेची स्क्रिप्ट हवी असेल त्यांनीही सांगा, थोडी साफसूफ करून देतो, पण कुठल्या शब्दात ती चुकतेय असं दिसलं तर तो शब्द कोडपॉइंटसकट पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको.