हात धुवाचं औषध

टोकावर उभा पांढरा चौकोन, कडा लाल, आत दोन नळ्या. एका नळीतून धातूच्या पट्टीवर थेंब पडतात, दुसरीतून माणसाच्या हातावर. कातडी आणि धातू खाणाऱ्या रसायनाचं हे जगभर चालणारं चिन्ह. परवाच्या प्रशिक्षणात ते भिंतीवर लावून विचारलं, हे काय सांगतं? झाडलोट करणाऱ्या मावशी लगेच म्हणाल्या, "हात धुवाचं औषध हाये, सायेब." कोणी हसलं नाही, बहुतेकांना तसंच वाटत होतं.

आमचा कारखाना वाशिम जिल्ह्यात, सोयाबीन तेलाचा. रिफायनरीत तेलातली मोकळी फॅटी ॲसिड काढायला कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण लागतं, आणि या लायबाबत मावशींची समजूत फार धोक्याची. ॲसिड अंगावर पडलं की माणूस लगेच ओरडतो. लाय बोटांना साबणासारखी बुळबुळीत लागते, कारण कातडीतल्या चरबीचा ती खरंच साबण करत असते. आग व्हायला लागते तोवर ती आत उतरलेली असते. डोळ्यात गेली तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. तरी नजर वाचेलच असं नाही.

म्हणून चष्मा-हातमोजे घालून काचेच्या बशीत पोळीच्या डब्यातलं ॲल्युमिनियम फॉइल ठेवलं आणि ड्रॉपरने लाय सोडली. फॉइल फसफसलं, त्याला भोकं पडली. चित्रातली पट्टी कोणती, हे मग सांगावं लागलं नाही. एरवी प्रशिक्षण म्हणजे इंग्रजी स्लाइड आणि हजेरीपटावर अंगठे. ऑडिटरला अंगठे पुरतात.

फॉइलकडे बघत मावशी म्हणाल्या, "असंच चित्र माह्या घरच्या पान्याच्या ड्रमावर हाये. दुसऱ्यावरचं तं म्या विटकरीनं घासून काढलं. घान दिसे."

सुटी झाल्यावर सुपरवायझरला घेऊन त्यांच्या घरी गेलो. वळचणीला दोन निळे ड्रम. एकावर अर्धं लेबल शिल्लक होतं, त्यावर 1824 हा आकडा. कॉस्टिकच्या द्रावणाचा हा आंतरराष्ट्रीय क्रमांक. ड्रम आमच्याच स्टोअरमधून भंगारात गेलेला. लाय पाण्यात विरघळते, वारंवार खंगाळल्यावर तिचा फारसा अंश उरत नाही. दुसरा आठवडी बाजारातला, घासून लख्ख केलेला. तोंडाशी वाकलो तर रॉकेलसारखा वास. असं सॉल्व्हंट, म्हणजे रसायन विरघळवणारं द्रव, प्लास्टिकमध्ये मुरतं आणि हळूहळू पाण्यात सुटत राहतं. आत कीटकनाशक होतं की आणखी काही, हे सांगणारा एकमेव कागद मावशींनी मळ समजून खरवडला होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून लेबल वाचा म्हणून सगळेच सांगतात. पण माल बादलीत ओतला की लेबल मालकाकडे राहतं, रिकामा ड्रम गरिबाकडे जातो.

घातक रसायनाचे रिकामे ड्रम 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. स्टोअरवाले ते भंगारवाल्याला देतात, कारण भाव बरा मिळतो आणि नोंदी ठेवाव्या लागत नाहीत. मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं, तर पहिला प्रश्न आला, "दुसरा ड्रम आपला नाही ना?" या वाक्याचा मला अजून राग येतो.

मावशींना म्हटलं, या दोन्हीतलं पाणी पिऊ नका. त्या म्हणाल्या, "मंग कायात भरू? नळ आठ दिसाआड येते."

मी दोन गोष्टी लिहून दिल्या. कारखान्यातला रिकामा ड्रम बुडाला भोक पाडूनच आणि अधिकृत रिसायकलरकडेच जाईल. आणि कामगारांना पाण्यासाठी फूड-ग्रेडचे, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचे, नवे ड्रम कंपनीने बिनव्याजी हप्त्यावर द्यावेत. पहिली मान्य झाली, दुसरीवर "बघू" असा शेरा आहे. नुसती भोकं पाडली तर मावशी पुढचा ड्रमही बाजारातूनच आणतील, तोही बिनलेबलाचा. म्हणून सोमवारी पुन्हा मॅनेजरसाहेबांकडे जाणार आहे. मावशींचा तो आठवडी बाजारातला ड्रम सध्या माझ्या ऑफिसात ठेवला आहे. तो सोबत नेईन, म्हणजे वास साहेबांनाच घेता येईल.