एका इंचाला एक वर्ष

परवा खोक्यातून आलेलं पुस्तकांचं कपाट जोडलं. दोन तासांत उभं राहिलं, चार स्क्रू उरले, आणि आठवड्याभरात मधल्या फळीचं पोट सुटलं. इथे इंग्लंडातल्या रेडिंग शहरात इंग्रजी ग्रामीण जीवनाचं संग्रहालय आहे, 1951 सालचं. तिथल्या जुन्या गाड्यांची चाकं बघून आल्यामुळे ती फळी जरा जास्तच टोचली.

चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाचा. त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले, की चहूबाजूंनी आरे ठोकले तरी चिरत नाही. आरे ओकचे, तेही करवतीने कापलेले नाहीत, फोडून काढलेले. बाहेरची कड ॲशच्या लाकडाची, धक्के सोसणारी. वरून तापवून बसवलेली लोखंडी धाव, ती मात्र अगदी आपल्या बैलगाडीसारखी.

तिकडचा गावचा सुतार अख्खं खोड घ्यायचा. ते खड्ड्यावर आडवं टाकून एक जण वर, एक खाली, मधे लांबलचक करवत. वरचा उस्ताद, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. (नोकरी केलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) मग फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवायचा. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, हा ढोबळ हिशेब. चार इंची ओक हवा असेल तर पोरगं पहिलीत घाला आणि ते चौथी पास होईपर्यंत थांबा.

घाई एकाच कामाची, शवपेटीची. तीही बहुतेक गावांत सुतारच करायचा. निरोप आला की घडीची पट्टी खिशात घालून माप घ्यायला निघायचा. पेटी खांद्यापाशी रुंद, म्हणून बाजूची एल्मची फळी तिथे वाकवावी लागते. आतून करवतीने चार-पाच खाचा घ्यायच्या, वर उकळतं पाणी ओतायचं आणि जिवाच्या करारावर हळूहळू दाबायचं. ज्याला आता कसलीच घाई उरलेली नाही, त्याच्यासाठी रात्रभर कंदील जळायचा.

पोटापाण्याला सुतारकी पुरतेच असं नाही, म्हणून थोडी जमीन, कोंबड्या आणि एक डुक्कर. 1908 च्या इंग्लिश कायद्यात छोटी शेती म्हणजे एक ते पन्नास एकर. आमच्या गावात पन्नास एकरवाल्याला कोणी अल्पभूधारक म्हणून तर बघू दे!

डुकराचं पिल्लू वसंतात आणायचं, उष्टंखरकटं आणि बारके बटाटे घालून पोसायचं, थंडीत कापायचं. मांस खारवून भिंतीला टांगायचं. जे टिकणार नाही ते शेजाऱ्यांकडे, अगदी वानोळ्यासारखं. त्यांचं डुक्कर कापलं की तिकडून परत यायचं. आमची आजी कुणाचा डबा रिकामा परत पाठवायची नाही. इंग्लंडातल्या लिंकनशर परगण्यात मात्र ताटली रिकामी चालायची, फक्त धुवायची नाही. धुतली, तर देणाऱ्याचं खारवलेलं मांस नासतं म्हणे.